पासिंग संपलेली पिकअप आणि आंबा घाट: एका अपघाताचा कायदेशीर हिशेब

हे प्रकरण कोणा एका मालकाचे नाही. किनाऱ्यावरच्या मासळी वाहतुकीत जे ठरावीक पद्धतीने बिघडते, ते एका गाडीवर आणून इथे मांडले आहे. कायद्याची कलमे, रकमा आणि निकाल मात्र खरे आहेत.

गाडी आणि तारखा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूरला मासळी नेणारी एक पिकअप. आरसीवर मालवाहू म्हणून नोंद, एकूण वजन 3000 किलोच्या वर, वय दहा वर्षे. मालक मासळीचा व्यापारी, गाडी पगारी चालकाच्या हातात. विमा नोव्हेंबरपर्यंत चालू, पीयूसी चालू, मालवाहतुकीचा परवाना (परमिट) चालू. पासिंग, म्हणजे योग्यता प्रमाणपत्र, 14 जुलैला संपलेले.

तारीख चुकली कशी हे नीट पाहिले पाहिजे, कारण बहुतेकांची याच ठिकाणी चुकते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. गाडी दोन महिने घरामागे माडाखाली उभी. उभ्या गाडीचे पासिंग संपले तर दंड कोण करणार, असा विचार होतो आणि त्यात वावगे काही नाही. रस्त्यावर नसलेल्या गाडीला या कारणाने चलन होत नाही. पण 1 ऑगस्टला बोटी बाहेर पडतात, पहिला माल उतरतो, भाव चढा असतो आणि गाडी बंदरावर हवी असते. पासिंग "या आठवड्यात करून घेऊ" म्हणून मागे पडते. वरून अनेकांच्या डोक्यात जुना हिशेब असतो, की पासिंग दोन वर्षांचे मिळते. नवीन व्यावसायिक गाडीला पहिले प्रमाणपत्र दोन वर्षांचे मिळते आणि गाडी आठ वर्षांची होईपर्यंत नूतनीकरणही दोन वर्षांचे होते. आठ वर्षे उलटली की दर वर्षी पासिंग. दहा वर्षांच्या गाडीला गेल्या जुलैत मिळालेला कागद या जुलैत संपणारच होता.

त्या दिवशी काय झाले

पहाटे मिरकरवाड्यावर माल भरताना चालकाच्या लक्षात आले की ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खाली जाते. त्याने फोन केला: "शेट, ब्रेक खाली जातोय." उत्तर आले: "तेल टाक नि ये जाऊन, आल्यावर दाखवू." मास्टर सिलिंडरच्या टाकीत ब्रेक ऑइल भरले, पेडल जरा वर आले, गाडी निघाली. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा आणि वर आंबा घाट. जाताना चढ होता, ब्रेकवर फारसा ताण पडला नाही. माल वेळेत पोहोचला.

परतताना, रिकाम्या क्रेटसह घाट उतरताना, साखरप्याच्या बाजूच्या वळणांवर पेडल थेट तळाला गेले. चालकाने गाडी डोंगराच्या बाजूला घातली. गटाराच्या कठड्याला घासून ती थांबली. पण त्याआधी पुढच्या दुचाकीला मागून धडक बसली होती. दुचाकीस्वाराचे मांडीचे हाड मोडले.

यंत्रात काय बिघडले होते

मोटार वाहन निरीक्षकाच्या तपासणीत अशा गाडीत हमखास सापडते ते असे. मागच्या ड्रमकडे जाणारा ब्रेकचा पोलादी पाइप चेसिसच्या कडेने जातो आणि ठिकठिकाणी पत्र्याच्या क्लिपने धरलेला असतो. मासळीच्या क्रेटमधून वितळलेल्या बर्फाचे खारट पाणी हौद्याच्या फटींतून याच पाइपवर ठिबकते. उघडा भाग वाऱ्याने सुकतो. क्लिपच्या आत मात्र ओल आणि मीठ अडकून राहते आणि पाइपला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडत जातात. वरून फक्त तांबूस डाग दिसतो. दोन महिने गाडी पावसात उभी राहिली की त्या खड्ड्यांचे भोक होते. जोरात ब्रेक दाबला की त्या पाइपमध्ये शंभर बारच्या आसपास दाब जातो. तिथे तेल झिरपू लागते.

पुढच्या आणि मागच्या चाकांची ब्रेकची वाट वेगळी असल्यामुळे एक गळली तरी दुसरी चालते. म्हणून सपाटीवर गाडी थांबते आणि चालकाला वाटते, ब्रेक आहेत. घाट उतरताना सगळा भार पुढच्या डिस्कवर पडला. चालक तिसऱ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून उतरत होता; दुसऱ्यात उतरायला हवे होते. डिस्क तापली. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेते: डॉट 3 तेलाचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान 205 अंश, ओल शिरल्यावर 140 अंशांपर्यंत खाली येतो. तेल उकळले, पाइपात वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही. पेडल तळाला.

निरीक्षकाच्या अहवालात आणखी दोन ओळी आल्या: मागच्या भारानुसार ब्रेक वाटणाऱ्या व्हॉल्व्हची दांडी गंजून जाम, आणि केबिनमध्ये सीटखाली ब्रेक ऑइलची अर्धी रिकामी बाटली. ही बाटली पुढे फार महागात पडते.

पोलिसांच्या कागदावर

वाहन पोर्टलवर क्रमांक टाकला की योग्यता प्रमाणपत्राची तारीख दिसते. "कागद घरी आहे" म्हणायला जागा उरत नाही. गुन्ह्याची मांडणी साधारण अशी होते.

भारतीय न्याय संहितेचे कलम 281, बेदरकारपणे वाहन चालवणे. कलम 125 चा दुसरा भाग, गंभीर दुखापत. हाड मोडणे हे कायद्याने गंभीर दुखापतीतच येते, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुचाकीस्वार दगावला असता तर कलम 106 लागले असते आणि तिथे कैद पाच वर्षांपर्यंत जाते.

मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 56 सांगते की व्यावसायिक गाडीकडे योग्यता प्रमाणपत्र नसेल तर कलम 39 च्या (बिननोंदणीची गाडी रस्त्यावर आणायला मनाई) दृष्टीने ती वैध नोंदणी असलेली गाडी मानली जात नाही. या एका वाक्यावर सगळे प्रकरण उभे आहे. आरसी हातात आहे, नंबर प्लेट आहे, तरी कायद्याच्या नजरेत त्या दिवशी ती गाडी बिननोंदणीची. म्हणून दंड कलम 192 खाली: पहिल्या वेळी किमान 2,000 आणि कमाल 5,000 रुपये, दुसऱ्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 ते 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. हे कलम गाडी चालवणाऱ्याला जसे लागते तसेच ती वापरू देणाऱ्यालाही. चालक आणि मालक दोघेही त्यात येतात. शिवाय कलम 207 खाली गाडी अडकवून ठेवता येते.

मासळी नाशवंत आहे, थांबता येत नव्हते, असा बचाव लोक करतात. कलम 192 मध्ये सूट आहे, पण ती आजारी किंवा जखमी माणसाला नेण्यासाठी, संकटग्रस्तांना अन्नसाहित्य पोहोचवण्यासाठी किंवा औषधांसाठी, आणि तीही सात दिवसांत परिवहन प्राधिकरणाला कळवले तर. व्यापाराचा माल त्यात बसत नाही.

अनेक जण सांगतात की पासिंग नसेल तर परवान्याचा 10,000 रुपयांचा दंडही बसतो. हे सरसकट बरोबर नाही. कलम 192अ हे विनापरवाना गाडीसाठी किंवा परवान्यातील मार्ग, क्षेत्र वा उपयोगाची अट मोडल्यास आहे. पासिंगची अट कलम 84 मध्ये प्रत्येक परवान्याला जोडलेली आहे, पण ती मोडली तर खरा धोका कलम 86 चा, म्हणजे परवाना निलंबित किंवा रद्द होण्याचा. चलनावर 192अ लावलेले दिसले तर वकिलाकडून तपासून घ्यावे, मुकाट भरू नये. 3000 किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परवानाच लागत नाही. आरसीवरचा आकडा आधी पाहावा.

आता ती बाटली. कलम 190 म्हणते की गाडीत धोकादायक दोष आहे हे माहीत असूनही, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळले असते तरीही, ती रस्त्यावर आणली तर 1,500 रुपयांपर्यंत दंड; आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एरवी "ब्रेक अचानक फेल झाले" हा बचाव असतो. इथे बाटली आणि सकाळचा फोन यांनी तो संपला. चालकाने जबाबात फोनचा उल्लेख केला की दोष माहीत असण्यात मालकही आला. चालकाने खोटे सांगावे म्हणून त्याच्यावर दबाव आणणे हा मालकाने करण्याजोगा सगळ्यांत वाईट उपाय; त्यातून वेगळा गुन्हा होतो आणि मूळ प्रकरण बिघडते.

चालकाने एक गोष्ट बरोबर केली: पळाला नाही. जखमीला दवाखान्यात पोहोचवण्याची सोय करणे आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे कलम 134 चे त्याचे कर्तव्य होते. त्याच्याकडे हलके वाहन चालवण्याचा परवाना (लायसन्स) होता. 7,500 किलोपर्यंतच्या व्यावसायिक गाडीला तो चालतो हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्के केले आहे. तिथे अडचण आली नाही.

विमा

विम्याचे दोन भाग पूर्ण वेगळे आहेत आणि त्यांची गल्लत केली की मालक चुकीच्या ठिकाणी भांडत बसतो.

*स्वतःच्या गाडीचे नुकसान.* सर्वेक्षक आरसी, पासिंग, परवाना, चालकाचे लायसन्स आणि मालाची बिल्टी, म्हणजे वाहतुकीची पावती, मागतो. पासिंग संपलेले दिसले की दावा नाकारणारे पत्र येते. विमा कंपन्या इथे सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर 2021 चा सुशीलकुमार गोदारा निकाल पुढे करतात: तात्पुरती नोंदणी संपलेली गाडी चोरीला गेली, आणि वैध नोंदणी नसणे हा कराराचा मूलभूत भंग ठरवून न्यायालयाने दावा नाकारणे योग्य मानले. तो निकाल पासिंगचा नव्हे, नोंदणीचा आहे. पण कलम 56 पासिंगला नोंदणीशीच बांधते, म्हणून युक्तिवाद जवळ येतो. उलट बाजूने 2010 चा अमलेंदू साहू निकाल आहे, ज्यात अटीचा भंग असूनही मान्य रकमेच्या 75 टक्के देण्याचा मार्ग दिसतो. ग्राहक आयोगापुढे मालकाचा जोर सहसा एका मुद्द्यावर असतो: कागद नसण्याचा आणि अपघाताचा संबंध नाही. उभ्या गाडीवर झाड पडले असते तर हे पटले असते. ब्रेकचा पाइप गंजून अपघात झाला आणि पासिंगमध्ये नेमके ब्रेकच तपासले जातात, तिथे हा मुद्दा टिकत नाही. या गाडीची दुरुस्ती मालकाच्या खिशातून होणार, हे धरून चालावे.

*जखमीची भरपाई.* इथे चित्र वेगळे, आणि मालकासाठी आकडा कितीतरी मोठा. 2022 पासून पोलिसांना अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत दावा न्यायाधिकरणाकडे (अपघाताची भरपाई ठरवणारे न्यायालय) आणि विमा कंपनीकडे पाठवावा लागतो. म्हणजे पासिंग संपलेले होते हे कंपनीला पहिल्याच आठवड्यात कळते. कलम 150 मध्ये विमा कंपनीला कोणत्या कारणांनी जबाबदारी टाळता येते त्याची यादी आहे आणि पासिंगचा शब्द त्या यादीत नाही. मालकाच्या वकिलाचा हाच मुख्य आधार. पण केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने 2018 मध्ये परीद पिल्लई प्रकरणात पासिंग नसणे हा मूलभूत भंग ठरवून कंपनीला मालकाकडून वसुलीचा हक्क दिला. महाराष्ट्रातल्या न्यायाधिकरणावर तो बंधनकारक नाही, तरी कंपनीचे वकील तो ठेवतातच. परमिट नसलेल्या गाडीबाबत सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये अमृतपाल सिंग प्रकरणात "आधी भरा, मग वसूल करा" हेच मान्य केले आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा. समजा न्यायाधिकरणाने व्याजासह 9 लाख रुपये ठरवले. जखमीला ते विमा कंपनी देते. त्याला वाट पाहावी लागत नाही, आणि ते योग्यच आहे. मग कंपनी तेवढीच रक्कम मालकाकडून मागते. त्यासाठी तिला वेगळा दावा लावावा लागत नाही. 2004 च्या नंजप्पन निकालानुसार त्याच प्रकरणात अंमलबजावणी करता येते आणि मालकाकडून आधी तारणही मागता येते. कलम 192 चे 5,000 आणि वसुलीचे 9 लाख हे आकडे शेजारी ठेवले की दंडाची चिंता कुठे करायची ते कळते. दर वर्षी विम्याचा पूर्ण हप्ता भरलेला मालक त्या दिवशी विमा नसल्यासारखा उभा राहतो.

अपघातानंतर दोन-चार दिवसांत एजंटकडे जाऊन पासिंग "मागच्या तारखेने" काढण्याचा प्रयत्न होतो. प्रमाणपत्रावर तपासणीची तारीख ऑनलाइन पडते आणि अपघाताच्या दिवशी ते अस्तित्वात नव्हते हे सहज सिद्ध होते. बनावट कागद लावला तर फसवणुकीचे कलम वाढते आणि विम्यातली उरलीसुरली बाजूही जाते. दाव्याच्या अर्जात पासिंगची खरी तारीख लिहावी.

जून महिन्यात काय करायला हवे होते

बंदीचे दोन महिने हा मासळीच्या गाडीच्या दुरुस्तीचा खरा काळ. शेवटची फेरी झाली की त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याच्या प्रेशरने धुवावी. हौदा सगळेच धुतात; मीठ चेसिसच्या आतल्या कोपऱ्यांत, स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरमागे आणि क्लिपमध्ये बसते. धुतल्यावर गाडी कोरड्या जागी उभी करावी.

मग मागच्या ब्रेक पाइपच्या सगळ्या क्लिप काढून पाइप बोटाने चाचपावा. खरबरीत खड्डे लागले तर जोडापासून जोडापर्यंत पूर्ण पाइप बदलावा. गंजलेला तुकडा कापून मध्ये रबरी नळी घालून क्लॅम्प आवळणे हा प्रकार किनाऱ्यावर सर्रास चालतो. तो एवढ्या दाबाला टिकत नाही आणि निरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. पाइप बदलल्यावर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढायला सुरुवात करावी आणि जुने तेल पूर्ण टाकून द्यावे, वरून भरू नये. मागचा भार-व्हॉल्व्ह हाताने हलतो का पाहावे. हँडब्रेकची केबल आणि ड्रममधले लायनर तपासावेत. चेसिसचे आडवे तुकडे स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावेत. टोक आत गेले तर तिथे वेल्डिंगचा पत्रा मारून भागत नाही, तुकडा बदलावा लागतो. दिवे मंद असतील तर बल्ब बदलण्याआधी अर्थिंगचे जोड घासावेत, निम्मे दोष तिथेच असतात. टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली गेलेली नसावी.

कागदांचे काम याच काळात. परिवहन पोर्टलवर पासिंगची वेळ घ्यायची, पण त्याआधी थकीत ई-चलने आणि आठ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीचा पर्यावरण कर भरलेला हवा. विमा आणि पीयूसी चालू हवेत. परावर्तक पट्ट्या मान्यताप्राप्त कंपनीच्या, प्रमाणपत्रासह. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट नसेल तर आरटीओतले काम अडते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्याच गाड्या एकदम येतात आणि मुसळधार पावसात चाचणी मार्गावरचे काम रखडू शकते, म्हणून वेळ जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीची घ्यावी. एकदा नापास झाली तरी दुरुस्तीला दिवस हातात राहतात. तालुक्याच्या ठिकाणी आरटीओचा कॅम्प असतो त्याच्या भरवशावर राहू नये. तिथे पासिंग होते का ते आधी विचारून घ्यावे, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर ब्रेक तपासणीसाठी 250 मीटरचा चाचणी मार्ग लागतो.

केंद्रीय नियमांत पासिंग उशिरा केल्यास दिवसाला 50 रुपये जादा शुल्क आहे. महाराष्ट्रात रिक्षा आणि वाहतूक संघटनांच्या विरोधानंतर 2024 मध्ये राज्य शासनाने त्या वसुलीला स्थगिती दिली. अर्जाच्या दिवशी पोर्टल काय मागते ते पाहावे. हे शुल्क भरले किंवा माफ झाले म्हणून मधल्या दिवसांतली गाडी वैध ठरत नाही.

खासगी गाडीचे काय

घरच्या कारला आणि दुचाकीला दरवर्षीचे पासिंग नाही. त्यांची आरसी 15 वर्षांची असते; मग नमुना 25 मध्ये अर्ज, तपासणी आणि पाच वर्षांचे नूतनीकरण. अर्ज मुदतीच्या आधी 60 दिवसांत करता येतो. गावच्या घरी उभी ठेवलेली आणि गणपतीत, शिमग्यात बाहेर काढली जाणारी जुनी कार इथे फसते. तिची आरसी संपलेली असेल तर पिकअपला लागलेले कलम 39 आणि 192 तिलाही तसेच्या तसे लागते, आणि विम्याचा प्रश्नही तोच.

पासिंग संपलेलीच आहे, आता आरटीओपर्यंत न्यायची कशी?

ऑनलाइन वेळेची आणि शुल्काची पावती म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. दुरुस्तीसाठी रिकामी जाणाऱ्या व्यावसायिक गाडीला कलम 66 मध्ये सूट आहे, पण ती परवान्याच्या अटीपुरती, पासिंगपुरती नाही. ब्रेक किंवा स्टिअरिंगबद्दल शंका असेल तर गाडी टो करून किंवा दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्यावी. गाडी ठणठणीत असेल आणि चालवतच न्यायची असेल, तर ती पूर्ण रिकामी हवी, क्रेटसुद्धा नकोत. वेळेची पावती, विमा, पीयूसी सोबत. घरापासून आरटीओपर्यंतचा जवळचा रस्ता, दिवसाउजेडी. रस्त्यात अडवले तर कलम 192 चे चलन होऊ शकते आणि ते करणारा अधिकारी चुकीचे काही करत नसतो. आणि त्याच फेरीत परतीला बंदरावरून माल घ्यायचा नाही, जोवर नवे प्रमाणपत्र पोर्टलवर दिसत नाही.